खोबरेल तेल : फोडणीत किती, केसांत किती?

खोबरेल तेल खायचं असतं की डोक्याला लावायचं? हा प्रश्न मालवणच्या माणसाला विचारला तर तो हसेल. नागपूरचा माणूसही हसेल, पण दोघांची उत्तरं वेगळी येतील. आपल्या करखात्याने मात्र हा प्रश्न फारच गंभीरपणे घेतला होता. खाद्यतेल म्हटलं की जीएसटी ५ टक्के, केसांचं तेल म्हटलं की १८ टक्के. खात्याचं म्हणणं असं, की खोबरेलाच्या छोट्या छोट्या बाटल्या स्वयंपाकाला कोण नेतं? त्या डोक्यालाच लागतात, तेव्हा जास्त कर भरा. जीएसटी यायच्या आधीपासून, अबकारी कराच्या काळापासून हे भांडण चालू होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंही यावर एकमत झालं नाही. शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने निकाल दिला. बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल हे केशतेल ठरत नाही, लेबल आणि पॅकिंगवर तसं सांगितलेलं असेल तरच ते केशतेल. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावरचा जीएसटीही ५ टक्क्यांवर आला आणि भांडणातली हवाच निघून गेली.

कोर्टातला वाद मिटला, पण फॅमिली ग्रुपवरचा मिटलेला नाही. एकीकडे "रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे खोबरेल घ्या, कोलेस्टेरॉल विरघळून जातं" असा मेसेज फिरतो. दुसरीकडे हार्वर्डशी संबंधित प्राध्यापक कारिन मिखेल्स यांचा २०१८ सालचा जर्मनीतल्या व्याख्यानाचा व्हिडिओ फिरतो, ज्यात त्यांनी या तेलाला थेट विष ठरवलं होतं. ज्या घरात कुणाची नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असते, त्या घरात यातला कोणता मेसेज आधी पोहोचतो याला फार महत्त्व आहे. आणि गंमत अशी, की खोबरेलाबद्दल ज्या गोष्टी सर्वांत मोठ्याने सांगितल्या जातात, त्यांना पुरावा सर्वांत कमी आहे. ज्या गोष्टी आजी मुकाट्याने करत आली, त्यांना तो बऱ्यापैकी आहे.

नाव एक, तेलं तीन

दुकानात 'खोबरेल तेल' म्हणून जे मिळतं ते एकाच प्रकारचं नसतं. पहिलं घाण्याचं. नारळ फोडून, वाट्या वाळवून सुकं खोबरं करायचं आणि ते घाण्यात गाळायचं. याला खमंग, खोबऱ्याचा ठसठशीत वास असतो. दुसरं रिफाइन्ड. तेही सुक्या खोबऱ्याचंच, पण नंतर त्याचा रंग आणि वास काढून टाकलेला असतो. तिसरं व्हर्जिन, हे ओल्या खोबऱ्यापासून किंवा नारळाच्या दुधापासून, फार उष्णता न देता काढतात. याला वास सौम्य आणि किंमत चढी.

घाण्याच्या तेलात सगळा खेळ खोबऱ्याचा असतो. खोबरं नीट वाळलं नाही तर त्यावर बुरशी धरते, आणि काही बुरशींमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. बुरशी टाळायला काही ठिकाणी खोबऱ्याला गंधकाची धुरी देतात. म्हणून 'लाकडी घाणा' अशी पाटी पाहून भुलण्यापेक्षा घाणेवाल्याकडचं खोबरं एकदा हातात घेऊन पाहावं. पांढरं, कडक आणि काळ्या-हिरव्या डागांशिवाय असेल तर तेलही चांगलं निघेल.

आता सगळ्यांना माहीत असलेली ती निळी बाटली. पॅराशूटच्या साध्या निळ्या बाटलीतलं तेल खाद्यतेलाच्या दर्जाचं असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ती आरशापुढेच असते. त्याच कंपनीचं 'ॲडव्हान्स्ड' मात्र केसांचं तेल म्हणूनच विकलं जातं. या बाटलीची एक मजेदार गोष्ट आहे. पूर्वी खोबरेल पत्र्याच्या डब्यात मिळायचं. मॅरिकोने प्लास्टिकची बाटली आणायची ठरवली तेव्हा दुकानदार तयार होईनात, कारण आधी कुणीतरी आणलेल्या चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. मग कंपनीने गोल बाटली केली. गोल बाटलीला उंदराचे दात रोवायला कोपराच नाही! कंपनीने ती उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून दुकानदारांची खात्री पटवली.

कढईत

विदर्भात जवस, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे करडई, बाकी देशावर शेंगदाणा, अशी आपल्याकडची जुनी वाटणी. ज्या मातीत जे पिकलं त्याचं तेल निघालं. किनाऱ्यावर नारळ, म्हणून सिंधुदुर्ग, गोवा, कारवारपासून खाली केरळपर्यंत खोबरेल. केरळात केळ्याचे वेफर्स त्यातच तळतात. मंगळूर-कारवारकडच्या सारस्वत घरांत बटाट्याचं हुम्मण झालं की वरून हिंगाचं पाणी आणि चमचाभर कच्चं खोबरेल सोडतात. तिथे तेल हे नुसतं शिजवायचं साधन नसून मसाल्यासारखं वापरलं जातं, आणि खरं तर त्याचा सर्वांत शहाणा वापर हाच. अर्ध्या चमच्यात अख्ख्या पातेल्याला वास लागतो.

तापवायला खोबरेल कसं? तसं दणकट. हवा आणि उष्णता लागून तेल खराब होतं ते मुख्यतः त्यातल्या अनसॅच्युरेटेड फॅटमुळे, आणि खोबरेलात ते फारच थोडं असतं. त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. व्हर्जिन तेल साधारण १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास धुरावतं, रिफाइन्ड २०० च्या पुढे. म्हणजे फोडणीला, परतायला, मासे शॅलो फ्राय करायला कोणतंही चालेल. भरपूर तळण असेल तर व्हर्जिनवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. तळणीत खोबरेल संपत आलं म्हणून त्यात सूर्यफूल किंवा शेंगदाण्याचं तेल ओतलं, की भसाभसा फेस येतो. दोन वेगळ्या जातींची तेलं एकत्र तापली की असं होतं, आणि फेस कढईबाहेर आला तर भाजायचा धोका. दुसरं म्हणजे ओलसर पदार्थ तळून उरलेलं खोबरेल पुन्हा पुन्हा वापरलं की त्याला साबणासारखी चव येऊ लागते. पाण्यामुळे त्यातलं लॉरिक ॲसिड सुटं होतं. साबण करायला खोबरेल का वापरतात, याचं उत्तरही याच ॲसिडात आहे.

हृदयाचा हिशेब

खोबरेलातलं जवळजवळ ९० टक्के फॅट सॅच्युरेटेड असतं. साजूक तुपात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या थोडं वर, पाम तेलात सुमारे ५०, शेंगदाणा तेलात २० च्या आत, तर सूर्यफुलात ११ च्या आसपास. तेल झाडाचं आहे म्हणून हलकं, असं समजणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅटमधून येऊ नयेत. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे साधारण २२ ग्रॅम होतात. आता तो 'उपाशीपोटी दोन चमचे'वाला मेसेज घ्या. दोन मोठे चमचे म्हणजे २७-२८ ग्रॅम तेल. त्यात सुमारे २४० कॅलरी आणि २४ ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट. म्हणजे चहा-पोहे व्हायच्या आधीच दिवसभराचा कोटा संपला! त्यानंतरचं दूध, तूप, पनीर, मटण, आमटीतलं वाटण हे सगळं वरचं.

दुसरा हिशेब रोजच्या स्वयंपाकाचा. डॉक्टर सहसा माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे असं सांगतात. ते सगळंच खोबरेल असेल तर रोज साडेतेरा ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट एकट्या तेलातून जातं. तेच शेंगदाणा तेल असेल तर तीनेक ग्रॅम. पण हेच अर्धा लिटर तेल पाळणारं, रोज भाजी-मासे खाणारं घर, आणि महिन्याला दीड लिटर 'हार्ट फ्रेंडली' तेल संपवणारं घर, यांत पहिलंच बरं. प्रमाणाचा मुद्दा तेलाच्या जातीइतकाच मोठा आहे आणि जाहिरातीत तो कधीच येत नाही.

"पण संशोधनात तर सिद्ध झालंय" असं म्हणणाऱ्यांकडे खरोखरच संशोधनं असतात. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्वदेक निरोगी माणसांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल दिलं. लोण्याने एलडीएल, म्हणजे वाईट म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, वाढवलं, खोबरेलाने नाही. कोचीत हृदयविकाराच्या २०० स्थिर रुग्णांवर दोन वर्षं खोबरेल आणि सूर्यफूल तेलाची तुलना झाली, तिथेही दोन गटांत फरक दिसला नाही. व्हॉट्सॲपवर हीच दोन उदाहरणं फिरतात. फिरत नाही ते हे, की चार आठवडे फार थोडे असतात आणि हार्ट अटॅकमधला फरक दिसायला २०० माणसं फार कमी पडतात. म्हणून सिंगापूरच्या संशोधकांनी अशा १६ चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्हसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. चांगलं म्हटलं जाणारं एचडीएलही ४ मिलिग्रॅमने वाढतं, आणि खोबरेलाचे भक्त नेमकं तेवढंच सांगतात. पण औषधांनी एचडीएल भरपूर वाढवूनही हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत, हा अनुभव वैद्यकशास्त्राने आधीच घेतला आहे. एलडीएल कमी केल्याने मात्र ते कमी होतात.

याचा अर्थ ते विष आहे का? नाही. तुपाला जे लागू ते याला लागू. निरोगी माणसाने चवीपुरतं खावं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एलडीएल वाढलेलं असेल, मधुमेह असेल, हृदयाचा त्रास झालेला असेल तर रोजचं मुख्य तेल म्हणून खोबरेल नको. आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून तेलाचे चमचे सुरू करणं हा तर थेट जिवाशी खेळ आहे.

मग किनाऱ्यावरची माणसं पिढ्यानपिढ्या कशी जगली? हा प्रश्न रास्त आहे. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांचा दाखलाही नेहमी दिला जातो. तिथले लोक भरपूर नारळ खात आणि तरी त्यांच्यात हृदयविकार कमी होता. खरं आहे. पण ते बाटलीतलं तेल पीत नव्हते, नारळ खात होते, सोबत मासे होते आणि साखर-मैदा फारसा नव्हता. ओल्या खोबऱ्यात चोथा असतो, पोट भरतं, म्हणून प्रमाण आपोआप आवरतं. शिवाय ती माणसं दिवसभर राबत होती. खुर्चीत बसून, कॉफीत खोबरेल घालून त्यांच्यासारखं होता येत नाही. (ओलं खोबरंही फुकट नाही बरं का. १०० ग्रॅम खवलेल्या खोबऱ्यात ३० ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं.)

वजन कमी होण्याचा दावा आला कुठून? मध्यम लांबीच्या साखळीचं फॅट, ज्याला एमसीटी म्हणतात, ते शरीर लवकर जाळतं असं काही प्रयोगांत दिसलं. ते प्रयोग खास बनवलेल्या १०० टक्के एमसीटी तेलावर होते. खोबरेलात लवकर जळणारं हे खास फॅट जेमतेम १३ ते १५ टक्के. त्यात निम्म्याच्या आसपास असलेलं लॉरिक ॲसिड कागदावर 'मध्यम' गटात मोडतं, पण त्यातलं बरंचसं शरीरात लांब साखळीच्या फॅटसारखंच वागतं. कुणी तरी हे दोन डबे एकमेकांत मिसळले आणि विक्री सुरू झाली.

केसांत

इथे आजीचं बरोबर निघालं. केस हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. धुताना केस पाणी शोषून फुगतो, वाळताना आकसतो. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की वरचे खवले उचकटतात, प्रथिन झिजतं, केस राठ होतात आणि टोकं दुभंगतात. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. प्रथिनाची ही झीज फक्त खोबरेलाने कमी केली, आणि ती धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कारण लॉरिक ॲसिडचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो. सूर्यफुलाचा रेणू बोजड, आणि खनिज तेलाचं प्रथिनाशी जमत नाही, म्हणून ती वरवरच राहतात. हे दोघे संशोधक मॅरिकोच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेतले होते, हे वाचकाला माहीत असायला हवं. पण खोबरेल केसाच्या आत शिरतं हे इतर प्रयोगशाळांतही दिसलं आहे.

तेल लावायची वेळ मात्र नीट पाळायला हवी. धुण्याआधी दोन-तीन तास पुरेत, रात्रभर उशी तेलकट करायची गरज नाही. आणि लावायचं ते टाळूपेक्षा केसांच्या लांबीला, विशेषतः टोकांना. आपल्याकडे उलटं होतं. टाळूवर वाटीभर तेल आणि टोकं कोरडी.

केस वाढतात का? तेलाने केसांच्या मुळांतून नवे केस उगवल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तुटणं कमी होतं, म्हणून वेणी लांब राहते, एवढंच. त्यात जास्वंद, माका, ब्राह्मी उकळून घातली की तेल छान दिसतं आणि वासही बरा येतो, पण टक्कल भरून येईल ही आशा ठेवू नये. केस पुंजक्याने जात असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणं जास्त उपयोगाचं. कोंड्यात तर तेल थापणं उलटही पडू शकतं. कोंड्याशी संबंधित असलेली मलासेझिया ही बुरशी स्निग्धाम्लांवरच जगते. खाज आणि पिवळसर खपल्या असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

अंगाला

कोरड्या त्वचेसाठी खोबरेल हे स्वस्तातलं चांगलं मॉइश्चरायझर आहे. आंघोळ झाल्यावर अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत चार थेंब चोळले की ओलावा आत टिकतो. फिलिपिन्समध्ये एक्झिमा असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली, त्यात व्हर्जिन खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. नवजात बाळांना खोबरेलाने मालिश केल्यावर वजन खनिज तेलापेक्षा जास्त वेगाने वाढल्याचं मुंबईतल्या एका अभ्यासात २००५ मध्ये दिसलं. म्हणजे मालिशवाल्या बाईंच्या वाटीतलं तेल बरोबर होतं. फक्त नाका-कानात तेल सोडायची जुनी सवय तेवढी सोडावी.

चेहऱ्याचं वेगळं आहे. मुरमं येणाऱ्या, तेलकट त्वचेवर खोबरेल छिद्रं बुजवतं आणि मुरमं वाढवतं. इन्स्टाग्रामवर कुणाचा चेहरा उजळला म्हणून आपल्या गालांवर प्रयोग नको. सनस्क्रीन म्हणूनही ते बाद. प्रयोगशाळेत त्याचा एसपीएफ ८ च्या आसपास भरला, आणि आपल्या उन्हाला किमान ३० लागतो. स्वयंपाकघरात भाजलं तर ताज्या जखमेवर खोबरेल लावू नये, उष्णता आत कोंडते. आधी २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावं. तोंडात तेल घोळवण्याने ब्रश करणं टळत नाही.

फ्रिजची परीक्षा

खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. म्हणून मुंबईत जानेवारीतही बाटली बरीचशी पातळ असते आणि पुण्या-नाशकात नोव्हेंबरपासूनच तोंडाशी अडकते. गोठलेलं तेल खराब नसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवावी, झालं. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी सरळ रुंद तोंडाची बरणी घ्यावी.

याच गुणावर घरगुती परीक्षा बेतलेली आहे. पारदर्शक ग्लासात तेल घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं. शुद्ध खोबरेल पांढरं, एकसारखं गोठतं. वर पातळ थर राहिला तर दुसरं तेल किंवा लिक्विड पॅराफिन मिसळल्याची शक्यता. परीक्षा चांगली आहे, पण अर्धीच. पाम कर्नल तेलही जवळपास त्याच तापमानाला गोठतं आणि त्यातही लॉरिक ॲसिड भरपूर असतं. त्याची भेसळ फ्रिजला कळत नाही, प्रयोगशाळेलाच कळते. हा धोका नुसता पुस्तकी नाही. केरळने २०१८ मध्ये भेसळीवरून डझनावारी ब्रँडवर बंदी घातली होती. २०२५ मध्ये तिथे खोबरेल लिटरला ४०० रुपयांच्या वर गेलं, आणि भाव चढला की भेसळही वाढते.

तेव्हा बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारं खोबरेल घेऊ नये. खाण्यासाठी घेताना बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि 'खाद्य' असा उल्लेख पाहावा. 'केसांसाठी' किंवा 'फक्त बाह्य वापरासाठी' लिहिलेली, सुगंधी, चिकटपणा नसलेली बाटली स्वयंपाकघरात नकोच, त्यात खनिज तेल असू शकतं. आणि एकच बाटली दोन्हीकडे वापरायची असेल तर खाद्य दर्जाची घ्यावी. ते तेल डोक्याला चालतं. डोक्याचं तेल कढईला चालत नाही.